दुर्बीण घालून रक्त थांबवतात म्हणजे नक्की काय करतात?

गेल्या अंकात अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर लिहिलं आणि पत्रं आली ती जवळपास सगळी रक्ताच्या उलटीवर आणि काळ्या संडासवर (जठरात रक्त सुटलं की संडास काळी होते). म्हणून या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून तेवढंच घेतोय. नावं नेहमीसारखी काढून टाकलीत, पत्रं थोडी कापलीत.

प्रश्न : डॉक्टर नमस्कार. आमचे अण्णा ६४ वर्षांचे, अँजिओप्लास्टी झालेली आहे, अ‍ॅस्पिरिन चालू असते. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून खात होते, आम्हाला पत्ताच नाही. संडासला काळं होत होतं तेही बोलले नाहीत, शेवटी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. गावातल्या डॉक्टरांनी रक्त थांबायचं इंजेक्शन देऊन नाशिकला पाठवलं. रात्री ११ ला पोचलो, एचबी ६.२. पण एंडोस्कोपी केली सकाळी १० ला, रात्रभर नुसतं सलाईन आणि रक्त! अल्सरमधून रक्त येत होतं, इंजेक्शन मारून दोन क्लिपा लावल्या म्हणाले. मग एचबी ८.५ ला गेल्यावर रक्त देणं बंद केलं आणि तिसऱ्या दिवशी अ‍ॅस्पिरिन परत चालू. ज्या गोळीने झालं तीच परत? घरात सगळे चिडलेत. (निफाड)

उत्तर : मला तर पत्र वाचून त्या रात्री ड्यूटीवर जे कोणी होते त्यांचं कौतुक वाटलं. का ते सांगतो, जरा लांबेल.

एचबी ६.२, बीपी खाली, नाडी धावतेय अशा माणसाला गुंगी देऊन घशातून दुर्बीण घातली तर तो टेबलावरच कोसळू शकतो. त्यामुळे आधी दोन्ही हातांना जाड सुया, सलाईन, रक्त, अ‍ॅसिड कमी करायचं इंजेक्शन, आणि माणूस जरा सावरला की मग दुर्बीण. बाहेर बाकड्यावर बसलेल्यांना वाटतं वेळ वाया चाललाय, पण आत तोच इलाज चालू असतो. हाँगकाँगमध्ये यावर नीट अभ्यास झालाय, २०२० ला छापून आला, जास्त धोक्याचे ५१६ पेशंट घेतले, निम्म्यांची एंडोस्कोपी पोटाच्या डॉक्टरांना कळवल्यापासून ६ तासांच्या आत केली आणि बाकीच्यांची ६ ते २४ तासांत. महिन्याभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण घाईवाल्या गटात ८.९ टक्के, थांबलेल्यांत ६.६. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, पण घाई केल्याने जास्त जीव वाचले असं काही दिसलं नाही हे नक्की. म्हणून आता साधारण नियम असा की अल्सरचा संशय असेल तर २४ तासांच्या आत, लिव्हरचा पेशंट असेल तर १२ तासांच्या आत. हां, सलाईन-रक्त देऊनही बीपी धरतच नाहीये असा पेशंट असेल तर रात्री २ लाही टीम बोलावतात, तो वेगळा विषय.

रक्त कमी का दिलं, याचंही उत्तर असंच आहे. बार्सिलोनातल्या ९२१ पेशंटच्या अभ्यासात (२०१३ चा) एचबी ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले पेशंट ९ च्या खाली जाताच दिलेल्यांपेक्षा जास्त वाचले, आणि त्यांच्यात परत रक्तस्रावही कमी झाला. हृदयाचा पेशंट असेल तर आपण ती रेघ जरा वर, ८ च्या आसपास ठेवतो. अण्णांना ८.५ ला आणून थांबले ते बरोब्बर. १२ पर्यंत बाटल्या चढवायचा हट्ट नातेवाइकांनी करू नये, उरलेलं लोहाच्या गोळ्यांनी किंवा आयर्नच्या सलाईनने भरून येतं.

आता आत काय केलं ते. एंडोस्कोप म्हणजे करंगळीच्या जाडीची लवचिक नळी, टोकाला कॅमेरा आणि लाइट, आणि नळीच्या पोटातून तीनेक मिलिमीटरचा एक चॅनल गेलेला असतो, सगळा इलाज त्या चॅनलमधून. आधी पाणी मारून रक्ताच्या गाठी धुवायच्या, ओढून घ्यायच्या. कधीकधी जठरात एवढं रक्त साचलेलं असतं की काही दिसतच नाही, म्हणून आधी एरिथ्रोमायसिन शिरेतून देतात, ते अँटिबायोटिक आहे खरं पण इथे त्याचा उपयोग जठर रिकामं व्हायला होतो. मग अल्सर सापडला की त्याचा तळ बघायचा. तळ पांढरा स्वच्छ असेल तर काहीच करायचं नाही, गोळ्यांवर भागतं. चिळकांडी उडतेय, रक्त झिरपतंय किंवा रक्त थांबलंय पण तळात उघड्या रक्तवाहिनीचं बोंड दिसतंय, तर इलाज करायचाच. रिपोर्टवर ‘फॉरेस्ट १ बी’, ‘२ ए’ असं लिहिलेलं असेल ना, ते हेच, १९७४ पासून हीच वर्गवारी चालू आहे.

इंजेक्शन मारलं ते अ‍ॅड्रेनलिन, दहा हजारात एक भाग इतकं पातळ केलेलं. बोंडाच्या चारी बाजूंनी थोडं थोडं टोचायचं, तिथला भाग फुगतो, रक्तवाहिनी दबते, आकसते आणि समोरचं चित्र स्वच्छ होतं. पण हा असर तासभरही नीट टिकत नाही, म्हणून नुसत्या इंजेक्शनवर कधी सोडत नाहीत, त्याच्या जोडीला क्लिप किंवा शेक हवाच. क्लिप म्हणजे धातूचा दोन पाकळ्यांचा छोटा चिमटा. डॉक्टर दुर्बीण स्थिर धरतात आणि चिमट्याची मूठ असते शेजारच्या सिस्टर किंवा टेक्निशियनच्या हातात, मग ‘उघड, थोडं फिरव, अजून, थांब, बंद’ असं चालतं आणि खट्कन आवाज येतो. जठर हलत असतं, श्वासाबरोबर सगळं पुढेमागे होत असतं, वरून रक्त येत असतं, आणि त्यात तो चिमटा बरोबर बोंडावर बसवायचा. चांगला असिस्टंट नसेल तर भलेभले डॉक्टर तिथे घामाघूम होतात, पण बिलावर त्याचं नाव कधी येत नाही. जुना अल्सर असेल तर तळ इतका कडक झालेला असतो की क्लिप धरतच नाही, तेव्हा मग प्रोब दाबून विजेची उष्णता देऊन रक्तवाहिनी चिकटवून टाकतात.

त्यानंतर तीन दिवस अ‍ॅसिडचं औषध शिरेतून चालू ठेवलं असेल, कारण परत रक्त सुटायचं असेल तर बहुतेक वेळा पहिल्या ७२ तासांतच सुटतं. सुटलंच तर परत दुर्बीण, तेही नाही जमलं तर जांघेतून तार घालून अँजिओग्राफीवाले ती रक्तवाहिनी आतून बंद करतात, आणि मग शेवटी ऑपरेशन. पूर्वी ऑपरेशन लवकर करायला लागायचं, आता खूप कमी झालंय.

गावातल्या डॉक्टरांनी दिलं ते बहुतेक ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड असणार. पोटातल्या रक्तस्रावासाठी ते १५ देशांतल्या १२,००९ पेशंटवर तपासून बघितलंय, निकाल २०२० ला आला, मृत्यू काही कमी झाले नाहीत, उलट पायाच्या नसांत आणि फुफ्फुसात गुठळ्या जरा जास्तच झाल्या. बाळंतपणात जास्त रक्त गेलं तर ते उपयोगाचं आहे, इथे नाही. पण त्या डॉक्टरांना बोल लावू नका, त्यांनी वेळ न घालवता पुढे पाठवलं हेच मोठं काम.

राहिली अ‍ॅस्पिरिन. हेही हाँगकाँगचंच, २०१० चं. हृदयासाठी किंवा मेंदूच्या झटक्यासाठी अ‍ॅस्पिरिन लागणारे १५६ पेशंट, अल्सरचं रक्त दुर्बिणीतून थांबवल्यावर निम्म्यांना अ‍ॅस्पिरिन लगेच चालू केली, निम्म्यांना ८ आठवडे नकली गोळी. चालू केलेल्यांत अल्सरमधून परत रक्त जास्त जणांना आलं, १०.३ टक्के विरुद्ध ५.४. पण ८ आठवड्यांत मृत्यू १.३ टक्के विरुद्ध १२.९! म्हणजे पोट सांभाळता सांभाळता माणूस गेला. अण्णांना स्टेंट आहे, अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने एक दिवससुद्धा बंद करायची नाही, आणि ती चालू आहे तोवर सकाळची अ‍ॅसिडची गोळी चालू. डायक्लोफेनॅक मात्र घरातून बाहेर काढा, ‘एकच घेतो आज’ हेही नको, गुडघ्याला पॅरासिटामॉल, मलम, व्यायाम, नाहीतर हाडाच्या डॉक्टरांना हा सगळा इतिहास सांगून दुसरं काही. अजून एक, एच पायलोरी या अल्सर करणाऱ्या जंतूची तपासणी झालीय का विचारा. रक्तस्राव चालू असताना ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा निगेटिव्ह आली असेल तर नंतर परत करून घ्या.

प्रश्न : सर, माझे मिस्टर ४३ वर्षांचे आहेत, दारू आहे, लिव्हर खराब सांगितलंय. मागच्या महिन्यात घमेलंभर रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात अन्ननलिकेत पाच रबर बँड लावले, ६ दिवस ठेवलं. परत ३ आठवड्यांनी या, अजून बँड लावायचे म्हणाले. आता हे म्हणतात मी ठणठणीत आहे, सासूबाई म्हणतात पैसे काढायचे धंदे आहेत. परत नेऊ का? आणि ते बँड आत अडकून बसणार का? (कराड तालुका)

उत्तर : ताई, न्याच. सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा.

लिव्हर कडक झालं (यालाच सिरॉसिस म्हणतात) की आतड्याकडून येणारं रक्त त्यातून नीट पार होत नाही, मागे दाब वाढतो आणि ते रक्त आडवाटेने अन्ननलिकेच्या खालच्या भागातल्या बारीक शिरांतून जायला लागतं. त्या शिरा त्यासाठी बनलेल्याच नसतात, फुगतात, साल पातळ होते आणि एक दिवस फुटतात. दुखत नाही, आधी काही कळत नाही, थेट रक्ताची उलटी. यात आजच्या घडीलाही दहातले एकदोन जण ६ आठवड्यांच्या आत जातात, लिव्हर जितकं खराब तितका धोका जास्त. तुमचे मिस्टर त्यातून बाहेर आलेत.

बँड लावायची रीत सांगतो, ऐकून सासूबाईंचा राग थोडा जाईल. दुर्बिणीच्या टोकावर एक पारदर्शक टोपी बसवतात, तिच्यावर ताणलेले सहासात छोटे रबर बँड असतात. फुगलेल्या शिरेला टोपी टेकवायची, सक्शन दाबायचं, शीर टोपीत ओढली जाते, पडदा पूर्ण लाल झाला की डॉक्टर वरची चकती फिरवतात, दोरी ओढली जाते आणि एक बँड घसरून शिरेच्या मुळाशी आवळला जातो. मग सोडायचं, पुढची शीर. सुरुवात जठराच्या तोंडापासून, तिथून गोल फिरत वर. ही आयडिया मुळात मूळव्याधीला बँड लावतात त्यावरून आली, १९८० च्या दशकात अमेरिकेत. त्याआधी शिरेत औषध टोचून ती सुकवायचे, त्याची सुरुवात स्वीडनमध्ये १९३९ ला झाली होती, तीही सरळ कडक नळीतून, पेशंटच्या घशाचा विचार करा!

बँड अडकून राहत नाहीत. आवळलेला भाग सुकतो आणि साधारण आठवडाभरात बँडसकट गळून संडासवाटे जातो. मागे छोटी जखम राहते, तीतून क्वचित रक्त येऊ शकतं, म्हणून सुरुवातीला पातळ आणि मऊ खायचं, भाकरीचे कडक पापुद्रे, चकली, शेंगदाणे असलं काही नाही, आणि अ‍ॅसिडची गोळी. छातीत दुखणं, गिळताना टोचणं दोनतीन दिवस चालतं.

आता मुख्य. एका वेळी सगळ्या शिरा बंद होत नाहीत. पाच आवळल्या, शेजारच्या अजून आहेतच, म्हणून दर २ ते ४ आठवड्यांनी परत, सगळ्या सपाट होईपर्यंत, आणि नंतर काही महिन्यांनी नुसतं बघायला. मी आयसीयूत जे पेशंट दुसऱ्यांदा बघतो त्यातले कितीतरी असेच, पहिल्यांदा बँड लावून बरं वाटलं म्हणून आलेच नाहीत. प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल अशी गोळी दिली असेल तीही शिरांमधला दाब कमी करायलाच आहे, बीपी नसताना बीपीची गोळी दिली म्हणून बंद केलेले लोक भेटतात मला. अ‍ॅडमिट असताना अँटिबायोटिकही दिलं असेल, ताप नसताना, ते पण बरोबर, अशा वेळी लिव्हरच्या पेशंटला इन्फेक्शन फार लवकर धरतं आणि त्यात माणूस जातो.

दारू पूर्ण बंद. कमी नाही, बंद. ती चालू राहिली तर मी काय किंवा दुसरा कोण काय, कितीही बँड लावा. एकदम सोडल्यावर हातपाय थरथरणं, बडबड असं होऊ शकतं, तेव्हा ते डॉक्टरांच्या देखरेखीत करा. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा, तुमच्या केसमध्ये काय बसतं ते तेच सांगतील. सरकारी मेडिकल कॉलेजचाही पर्याय आहे, बऱ्याच ठिकाणी बँडिंग होतं.

प्रश्न : वडिलांना लिव्हर सिरॉसिस. या वेळी बँड बसणार नाही, ग्लू टोचावा लागेल म्हणाले. मी नेटवर वाचलं तर तो फेव्हिक्विकचाच प्रकार निघाला!! हे खरं का? (नागपूर)

उत्तर : नातं आहे, पण वस्तू तीच नाही. दोन्ही सायनोअ‍ॅक्रिलेट घराण्यातली, घरातली वेगळी आणि शरीरात वापरायची वेगळी, निर्जंतुक केलेली. वडिलांच्या शिरा जठराच्या वरच्या घुमटात असणार. तिथल्या शिरा जाड आणि खोल, बँडमध्ये पूर्ण मावत नाहीत, आणि अर्धवट आवळलेली शीर बँड गळल्यावर उघडी पडली तर भयंकर रक्त येतं. म्हणून शिरेत सुई घालून थेट ग्लू, रक्ताला लागला की काही सेकंदांत घट्ट. १९८० च्या दशकात जर्मनीत हॅम्बुर्गच्या डॉक्टरांनी ही पद्धत आणली आणि आपल्याकडे ती भरपूर वापरतात, त्यामुळे हात बसलेले डॉक्टर पुष्कळ आहेत. धोका आहे, ग्लूचा तुकडा रक्ताबरोबर फुफ्फुसात जाऊ शकतो, क्वचित सुई शिरेत चिकटते. मोठ्या सेंटरमध्ये एंडोस्कोपिक सोनोग्राफीने बघून आधी शिरेत कॉइल, म्हणजे बारीक तारेची गुंडाळी, आणि मग ग्लू असंही करतात, त्याने ग्लू वाहून जायची भीती कमी होते. तो घट्ट झालेला गोळा पुढे काही आठवड्यांनी, महिन्यांनी जठरात गळून पडतो, परत तपासणी सांगितली तर चुकवू नका.

प्रश्न : मुलीला पाचवा महिना आहे, दोन आठवडे झाले संडास काळी होतेय. एंडोस्कोपी करावी लागेल का? फार भीती वाटतेय. (सांगली)

उत्तर : लोहाच्या गोळ्या चालू असतील ना? मग त्याचंच ते. लोहाने होणारी काळी असते, हिरवट झाक असते, पण बांधलेली असते. रक्ताची असेल तर डांबरासारखी चिकट, पाणी टाकूनही भांड्याला धरून बसणारी, आणि वास असा की घरात कळतो. चक्कर, धाप, छातीत धडधड, उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही असलं तर मात्र लगेच दवाखाना, १०८ ला फोन करा. नाहीतर पुढच्या तपासणीत डॉक्टरांच्या कानावर घालून एचबी बघा, बास.

प्रश्न : माझा मुलगा ९ वर्षांचा. तापात रक्ताची उलटी झाली, आम्ही हादरलो. दुर्बिणीत अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा निघाल्या, बँड लावले. पण लिव्हर चांगलं आहे म्हणतात, घरात कोणी दारूला शिवत नाही. मग हे आलं कुठून? (जळगाव)

उत्तर : लहान मुलांमध्ये रक्ताची उलटी झाली की आपल्याकडे हे कारण आधी शोधतात. लिव्हरकडे जाणारी मोठी शीर, पोर्टल व्हेन, तीच बंद झालेली असते, बऱ्याचदा अगदी लहानपणी, आणि का ते पुष्कळ मुलांत शेवटपर्यंत सापडत नाही. काहींमध्ये जन्मानंतर नाळेला इन्फेक्शन झालेलं असतं. तुमच्या हातून काही झालंय असं मनात आणू नका. लिव्हर ठणठणीत असल्याने ही मुलं रक्तस्राव सोसून बाहेर येतात, मोठ्यांच्या सिरॉसिसपेक्षा हे खूपच बरं. बँडिंग पूर्ण करून घ्या. तापाला फक्त पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन नाही, शाळेतही सांगून ठेवा. प्लीहा वाढलेली असेल तर कबड्डी-कुस्ती नको, पोटावर मार बसायला नको. आणि बँडिंग संपलं की विषय संपला असं नाही, मुलाची वाढ, प्लीहा, बाकीच्या शिरा बघून शिरा जोडायचं ऑपरेशन, शंट म्हणतात त्याला, फायद्याचं आहे का हे लहान मुलांच्या पोटविकाराच्या सेंटरमध्ये एकदा विचारून घ्याच.

प्रश्न : पार्टीनंतर रात्रभर उलट्या, शेवटच्या दोनतीन उलट्यांत लाल रक्त. आता काही नाही. वय २६. (पुणे)

उत्तर : जोरजोरात ओकाऱ्या काढून अन्ननलिका आणि जठराच्या सांध्याला चीर पडली असणार, बोस्टनच्या मॅलरी आणि वाइस या दोघांनी १९२९ ला याचं वर्णन केलं, त्यांचंच नाव आहे त्याला. बहुतेकांचं आपोआप थांबतं, नाही थांबलं तर एकदोन क्लिपा किंवा एक बँड. पण पहिल्या उलटीपासूनच रक्त असेल, काळी संडास झाली किंवा छातीत खूप दुखत असेल तर घरी थांबू नकोस. आणि रक्त आलंय म्हटल्यावर एकदा तपासून घे, एचबी आणि लिव्हरच्या टेस्टला फार खर्च येत नाही.

प्रश्न : आईला जठराचा कॅन्सर, गाठीतून रक्त येत होतं. दुर्बिणीतून पावडर फवारली. पावडरने काय होणार? (ठाणे)

उत्तर : गाठीचा पृष्ठभाग सगळीकडून झिरपतो, क्लिप लावणार कुठे, आणि लावली तर धरणार कशाला, गाठीचं मांस कुसकरतं. पावडर रक्तातलं पाणी शोषून त्यावर थर धरते, रक्त तिथल्या तिथे थांबतं. शरीरात शोषली जात नाही. पण एकदोन दिवसांत तो थर निघून जातो, म्हणजे हातात थोडा वेळ मिळाला एवढंच. त्या वेळात पुढचं ठरवा, आईंची तब्येत बघून रेडिएशन, अँजिओग्राफीतून रक्तवाहिनी बंद करणं, केमो किंवा ऑपरेशन, हे कॅन्सरच्या डॉक्टरांबरोबर बसून, डिस्चार्जची वाट न बघता.

प्रश्न : दीड महिन्यापूर्वी अल्सरला क्लिप लावली. आता कंबरेचा एमआरआय सांगितलाय. चालेल का? (रत्नागिरी)

उत्तर : क्लिप कुठल्या कंपनीची, कुठलं मॉडेल, त्यावर आहे. काही चालतात, काहींना एमआरआयची सक्त मनाई असते. डिस्चार्ज कार्डावर किंवा एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर स्टिकर लावलेला असतो, तो एमआरआयवाल्यांना आत जायच्या आधी दाखवा, टेबलावर झोपल्यावर नाही. बऱ्याच क्लिपा काही आठवड्यांत आपोआप पडून जातात, काही मात्र महिनोन्महिने राहतात. स्टिकर सापडत नसेल तर पोटाचा साधा एक्स-रे काढा, क्लिप आत असेल तर स्पष्ट दिसते. दिसली नाही तर एमआरआय करा, दिसली तर आधी जिथे लावली तिथे फोन करून मॉडेल विचारा.